सुटं होणारं स्टेडियम आणि पालटणारं स्टेडियम

गणपतीचा मांडव उतरला की बांबू, कापड, दोऱ्या टेम्पोत पडतात आणि पुढच्या कार्याच्या पत्त्यावर निघून जातात. मागे रस्त्यातले खड्डे तेवढे उरतात. जुन्या वाड्याचं तसं नसतं. वाडा जागेवरच राहतो, फक्त ओसरीत शिंपी बसतो आणि माजघरात क्लास चालतो. मांडव आणि वाडा यांत आपली कधी गल्लत होत नाही. ऑलिम्पिक किंवा विश्वचषकाची स्टेडियमं आली की मात्र दोन्ही प्रकार ‘पुनर्वापर’ या एकाच शब्दात कोंबले जातात. तिथेच हिशेब चुकायला लागतो.

मांडवाच्या जातीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे दोहाचं ‘स्टेडियम ९७४’. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी ते ९७४ कंटेनर वापरून उभं केलं. कतारचा टेलिफोन कोडही ९७४, म्हणून आकडा तोच. बोल्टांनी जोडलेल्या पोलादी सांगाड्यात मालवाहू जहाजांवर असतात तसले कंटेनर कपाटाच्या खणांसारखे बसवले. काहींत स्वच्छतागृहं, काहींत खाण्याचे स्टॉल. जागा समुद्राकाठची असल्याने वारा खेळता होता, त्यामुळे स्पर्धेच्या आठ स्टेडियमांपैकी मैदान थंड करण्याची यंत्रणा फक्त इथेच नव्हती. इथे सात सामने झाले आणि स्पर्धेनंतर सगळं उतरवायचं ठरलं होतं.

पण डिसेंबर २०२४ मध्ये फिफाच्या इंटरकॉन्टिनेन्टल चषकाचे सामने त्याच जागी, त्याच स्टेडियममध्ये झाले. म्हणजे ‘सुटं होणारं’ याचा अर्थ सुटं करता येतं, इतकाच. ते सुटं करायला, जहाजावर चढवायला आणि पलीकडे नव्याने उभारायला पैसे मोजणारा कुणीतरी लागतो. शिवाय पाया, गटारं आणि विजेच्या जोडण्या काही कंटेनरात भरून नेता येत नाहीत. त्या नव्या जागी नव्यानेच कराव्या लागतात.

रिओने २०१६ च्या ऑलिम्पिकला हँडबॉलसाठी ‘अरेना दो फुतुरो’ बांधताना निदान पुढचा पत्ता तरी ठरवला होता. स्पर्धा संपली की ती उकलायची आणि तिच्या सामानातून चार सरकारी शाळा बांधायच्या. बेत चांगला होता, पण वर्षानुवर्षं रखडला. अखेर शाळा उभ्या राहिल्या, पण तोवर मधली बरीच वर्षं निघून गेली होती.

वाड्याच्या जातीत जागा तीच राहते, पण अंग बदलतं. इथे सगळी मदार एका प्रश्नावर असते: पुढचा भाडेकरू नकाशा काढण्याआधी ठरला होता की नंतर?

अटलांटाला तो आधी ठरला होता. १९९६ चं ऑलिम्पिक स्टेडियम आखतानाच त्याच्या एका कोपऱ्यात बेसबॉलचं मैदान दडवलेलं होतं, म्हणून त्या बाजूचे स्टँड बाकीच्या लंबगोलाशी जुळत नव्हते. बघणाऱ्याला ते ओबडधोबड वाटलं असेल, पण होतं हिशेबी. स्पर्धेनंतर उरलेला भाग पाडला आणि ८५,००० प्रेक्षकांच्या जागी सुमारे ५०,००० चं बेसबॉल स्टेडियम १९९७ मध्ये सुरू झालं. पुढे बेसबॉल संघ गेला तेव्हा एका विद्यापीठाने ते अमेरिकन फुटबॉलसाठी घेतलं.

मँचेस्टरची युक्ती मला सगळ्यात आवडते. २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धा तिथे ३८,००० प्रेक्षकांच्या स्टेडियममध्ये झाल्या. त्या आटोपल्यावर ट्रॅक उखडला, मैदान खाली खणलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत खुर्च्यांचा आणखी एक थर बसवला. क्षमता वाढून सुमारे ४८,००० झाली आणि ट्रॅक गेल्याने फुटबॉलचा प्रेक्षक गवताच्या जवळ आला. स्पर्धेनंतर बहुतेक स्टेडियमं लहान होतात, हे मोठं झालं. मँचेस्टर सिटी हा फुटबॉल क्लब २००३ मध्ये तिथे राहायला आला.

(आपल्या बालेवाडीचं संकुल या दोन्हींत बसत नाही. ते १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलं आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तिथेच झाल्या. तीच वास्तू, तेच काम, फक्त यजमानपद नवं.)

लंडनने दोन्ही जाती एकाच इमारतीत आणल्या. २०१२ च्या ऑलिम्पिकच्या मुख्य स्टेडियममध्ये ८०,००० जागा होत्या. त्यातल्या खालच्या २५,००० कायमच्या आणि वरच्या ५५,००० उतरवता येण्याजोग्या. वरचा मांडव काढायचा आणि खाली अ‍ॅथलेटिक्सचं छोटं मैदान ठेवायचं, असा मूळ विचार. पण नंतर ठरलं की वेस्ट हॅम हा फुटबॉल क्लब भाडेकरू म्हणून येणार. मग उतरवायला केलेल्या इमारतीचं कायमचं घर करणं आलं. हलकं छत काढून बरंच मोठं छत घातलं. छतावर उभे असलेले दिव्यांचे त्रिकोणी मनोरे काढले आणि दिवे नव्या छताखाली टांगले. या रूपांतराला ३२ कोटी ३० लाख पौंड लागले.

ट्रॅक मात्र तसाच ठेवायचा होता, कारण अ‍ॅथलेटिक्सला शब्द दिला होता. त्यामुळे फुटबॉलच्या हंगामात खालच्या खुर्च्या ट्रॅकवर पुढे सरकवाव्या लागतात आणि उन्हाळ्यात अ‍ॅथलेटिक्ससाठी मागे घ्याव्या लागतात. ऐकताना बटण दाबण्याइतकं सोपं वाटतं. प्रत्यक्षात माणसं आणि यंत्रं लावून चालणारं ते कित्येक दिवसांचं काम आहे, आणि त्याचं बिल दरवर्षी लाखो पौंडांत येतं.