एक माणूस, चार प्रवासी

माझा भाचा गेल्या दिवाळीनंतर सोलापूरहून मुंबईमार्गे दिल्लीला गेला. माणूस एक, बॅग एक, शेंगाचटणीचा डबा एक. विमानतळांच्या वहीत मात्र त्याची चार वेळा नोंद झाली. सोलापूरच्या होटगी रोडवरच्या विमानतळावर चढला तेव्हा एक, मुंबईत उतरला तेव्हा दुसरी, तिथेच दिल्लीच्या विमानात बसला तेव्हा तिसरी आणि दिल्लीला पोचल्यावर चौथी. तो परत आला की आकडा आठ.

यात लबाडी काही नाही. विमानतळ माणसं मोजत नाही, ये-जा मोजतो. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाच्या फाटकावर बसून आत जाणारी आणि बाहेर येणारी अशी दोन्हीकडची डोकी मोजली, तर पाळण्यात बसून, भजी खाऊन परतणारा एकच माणूस दोनदा मोजला जाणार, तसंच हे. २०२३-२४ या वर्षात देशातल्या सगळ्या विमानतळांची बेरीज ३७ कोटींच्या वर गेली. हा आकडा वाचून ‘दर चार भारतीयांतला एक जण विमानात बसला’ असं म्हणणारे भेटतात, तेव्हा त्यांना भाच्याची गोष्ट सांगावी. देशांतर्गत विमानांनी २०२३ मध्ये प्रत्यक्षात वाहून नेलेले प्रवासी १५ कोटींच्या आसपास होते, आणि त्यातही दर महिन्याला उडणारे तेच ते लोक पुन्हा पुन्हा आलेले.

एवढं ध्यानात ठेवलं की मोठ्या विमानतळांचे आकडे वाचायला मजा येते. २०२४-२५ मध्ये दिल्लीत सुमारे ७ कोटी ९२ लाख, मुंबईत साडेपाच कोटी, बंगळुरूत ४ कोटी १९ लाख. पण पूर्वी पहिला नंबर मुंबईचा होता. २००३ मध्ये एअर डेक्कन आली, मग स्पाइसजेट, २००६ मध्ये इंडिगो, आणि विमानाचं तिकीट रेल्वेच्या एसीशी स्पर्धा करू लागलं. गर्दी दोन्हीकडे वाढली. तरी २००९-१० च्या सुमारास दिल्लीने मुंबईला मागे टाकलं आणि पुढे अंतर वाढतच गेलं. मुंबईत पैसा कमी झाला होता का? प्रवासी आटले होते का? नाही. कारण जमिनीत आहे, आणि थोडं हवेतही.

हवेतलं आधी सांगतो, कारण ते फार कमी जणांना माहीत असतं. आपल्याकडे चैत्र-वैशाखात रानात वावटळ उठते, पाचोळा घेऊन गरगरत जाते. तशीच वावटळ आडवी निजवली तर जे होईल, ते प्रत्येक विमानाच्या मागे असतं. पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी. पंखाच्या टोकाशी खालची हवा वळसा घालून वर धावते आणि दोन्ही टोकांमागे दोन भोवरे लांबच लांब सोडले जातात. विमान जितकं जड तितका भोवरा जोरकस. तो हळूहळू खाली बसतो आणि विरायला मिनिट-दोन मिनिटं घेतो. मागून येणारं विमान त्यात सापडलं तर एका कुशीवर कलंडू शकतं. म्हणून दोन विमानांत अंतर ठेवावं लागतं: मध्यम आकाराच्या दोन विमानांत साधारण साडेपाच किलोमीटर, आणि पुढचं विमान खूप जड असेल तर नऊ किलोमीटरपेक्षाही जास्त. उतरणारं विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने येतं. साडेपाच किलोमीटर कापायला त्याला सव्वा मिनिटाहून थोडं अधिक लागतं. टर्मिनल कितीही चकचकीत बांधा, काउंटर दुप्पट करा, हे सव्वा मिनिट कमी होत नाही.

आता जमीन. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. चौकात जसं एका बाजूला हिरवा असताना दुसऱ्या बाजूला लाल ठेवावा लागतो, तसं तिथे एका वेळी एकच पट्टी चालते. म्हणजे कागदावर दोन, कामाला एक. आजूबाजूला वस्ती इतकी दाटलेली की तिसरी पट्टी टाकायची कुठे? तरी या एका पट्टीवर २०१८ च्या डिसेंबरात २४ तासांत हजाराहून अधिक विमानं चढली-उतरली. म्हणजे दिवसरात्र धरून सरासरी दर ८६ सेकंदांना एक. मला स्वतःला या देशातली ही सर्वांत कमी कौतुक झालेली कसरत वाटते.

कागद-पेन्सिल घ्या. दिवसाला हजार विमानं, प्रत्येकात सरासरी दीडशे माणसं, वर्षाचे ३६५ दिवस. उत्तर येतं ५ कोटी ४७ लाख. वर दिलेला मुंबईचा साडेपाच कोटींचा आकडा आठवा! त्याचं गूढ एका गुणाकारात सुटतं. मुंबईचा आलेख वर जाऊन आडवा होऊ लागतो, तो मागणी संपली म्हणून नव्हे. भांडं भरलंय. दिल्लीत २००८ मध्ये तिसरी धावपट्टी सुरू झाली, २०२३ मध्ये चौथी, म्हणून तिथलं भांडंच मोठं झालं. बंगळुरू आणि हैदराबादने २००८ मध्ये जुने विमानतळ सोडून गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर बस्तान हलवलं, त्याचं फळ त्यांना आता मिळतंय.

मध्ये एक खड्डा आहे, करोनाचा. २०२०-२१ मध्ये दिल्ली पावणेसात कोटींवरून सव्वादोन कोटींवर आली, मुंबई साडेचार कोटींवरून सुमारे एक कोटी दहा लाखांवर. तो काळ सगळ्यांना आठवतो, त्यावर फार बोलत नाही.

सोलापूरचा आकडा कितीतरी वर्षं जवळपास शून्य होता. पण सोलापूरकर उडत नव्हते असं थोडंच आहे? ते हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जात, किंवा गाडी करून हैदराबादला, आणि तिथल्या आकड्यात भर घालत. इथे अडचण अंतराची नव्हती, उंचीची होती: विमानतळाजवळच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या धुराड्याची. उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या विमानाच्या वाटेत पट्टीच्या टोकापासून एक कल्पित उतार आखलेला असतो, साधारण पन्नास मीटरला एक मीटर चढणारा. हिशेब केला तर नव्वद मीटर उंचीच्या धुराड्याने या उताराला अडथळा करायचा नसेल, तर ते पट्टीपासून साडेचार किलोमीटर लांब हवं. कारखान्याचं ते धुराडं १५ जून २०२३ ला पाडलं गेलं, त्यावरून वादाचा धुरळाही पुष्कळ उडाला. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं.

वरचाच गुणाकार इथे करून पाहा. सत्तर आसनांचं एक विमान रोज येऊन परत गेलं, एकही खुर्ची रिकामी नाही, एकही दिवस खाडा नाही. वर्षाला ५१ हजार १०० प्रवासी. मुंबई रोज दीड लाख माणसं हाताळते, म्हणजे सोलापूरचं अख्खं वर्ष तिथे आठ तासांत संपतं.

पण हे वाचून खजील व्हायचं कारण नाही, कारण खरी गोम वेगळीच आहे. छोट्या गावाचं छोटं विमान मुंबईच्या पट्टीवर उतरताना वेळ मात्र मोठ्या विमानाएवढाच घेतं. जड विमानाच्या मागे आलं तर भोवऱ्याच्या भीतीने जास्तच. विमान कंपनीच्या दृष्टीने तेच सव्वा मिनिट एकदा सत्तर माणसांवर खर्च होतं, एकदा एकशे ऐंशींवर. म्हणून लहान गावांच्या विमानांना मुंबईत उतरायची वेळ मिळायची मारामार असते, आणि मिळाली तरी कोणाला सोयीची नसलेली. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. तिथल्या आराखड्यात दोन धावपट्ट्या आहेत, एकमेकींना न छेदता शेजारी शेजारी धावणाऱ्या, मध्ये किलोमीटरहून जास्त अंतर ठेवून. असं अंतर असलं की दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरवता येतात.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “मामा, म्हणजे आम्ही मुंबईवर वीस मिनिटं घिरट्या घालत होतो ते यामुळे?” म्हटलं, बहुतेक यामुळेच. तुझ्यापुढे कुणीतरी सव्वा मिनिट वापरत होतं.