कयाक : घरगुती लाकडी बांधणी

दोन्ही टोकांना निमुळती, वरून झाकलेली आणि मधल्या भोकात पाय लांब करून बसायची अरुंद होडी म्हणजे कयाक. ती दोन्ही बाजूंना पाती असलेल्या वल्ह्याने हाकतात. मूळ कयाक इन्युइट आणि अल्यूट लोकांची. त्यांच्या मुलखात झाडे नसल्यासारखीच, म्हणून वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणून शिवत. सबंध लाकडाची कयाक पुढे युरोपात तयार झाली. जॉन मॅकग्रेगर या ब्रिटिश बॅरिस्टरने १८६५ मध्ये ओकची ‘रॉब रॉय’ बांधून घेतली आणि तिच्यातून युरोपातल्या नद्या पालथ्या घातल्या. प्लायच्या फळ्या तारेने शिवायच्या आणि सांधे राळेने (कृत्रिम रेझिनने) पक्के करायचे, ही रीत पुढे शंभरेक वर्षांनी रुळली. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या ‘मिरर’ या लहान शिडाच्या होडीने ती हौशी लोकांच्या घरात नेली. विदर्भातल्या खेड्यात सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, कयाक बांधायची तर हीच रीत सोयीची.

पूर्व विदर्भाला होडीचे अप्रूप नाही. वैनगंगेवर आणि भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत ढिवरांचे, म्हणजे मच्छीमारांचे, डोंगे पिढ्यानपिढ्या चालतात. डोंगा बसका असतो आणि त्यात उभे राहून जाळे टाकता येते. कयाकमध्ये उभे राहणारा पाण्यातच जायचा. तेव्हा मासेमारीसाठी कयाक बांधण्याच्या भानगडीत पडू नये. लांब अंतर एकट्याने कापायला, बोडीवर (लहान तळ्यावर) उतरलेली बदके आवाज न करता पाहायला किंवा नुसत्या हौसेला ती चांगली.

सागाच्या मुलखात पहिला विचार सागाचाच येतो, आणि तो सोडून द्यावा. साग पाण्यात टिकतो, पण घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो. लाकडाच्या अरुंद पट्ट्या जोडून केलेल्या कयाकसाठी परदेशात वापरतात तो लाल सीडर ३७० च्या आसपास. सागाच्या अंगात तेल असल्याने राळही नीट धरत नाही. शिवाय शेतातला साग तोडायचा तरी १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याखाली परवानगी लागते. होडीच्या काठाच्या पट्ट्यांना शिवण झाडाचे लाकूड पुरते. बाकी सगळी होडी ४ मिलिमीटरच्या मरीन (पाण्यात टिकणाऱ्या) प्लायची. त्यावर आयएस ७१० या भारतीय मानकाची खूण हवी. या मानकाच्या चाचणीत प्लायचे तुकडे ७२ तास उकळतात. दुकानदाराच्या शब्दावर न जाता एक तुकडा चुलीवर दिवसभर उकळून पाहावा. थर सुटले तर शीट परत करावे. आपल्याकडचा गर्जन लाकडाचा प्लाय परदेशी ओकुमे लाकडाच्या प्लायपेक्षा जड असतो, म्हणून होडीच्या नकाशात लिहिलेल्या वजनात दोन-चार किलो वाढणार हे धरून चालावे.

तलावासाठी १४ ते १६ फूट लांबी आणि २४ ते २८ इंच रुंदी पुरते. प्लायचे शीट ८ फुटांचे, म्हणून दोन तुकडे जोडावे लागतात. जाडीच्या आठपट, म्हणजे ३२ मिलिमीटर, तिरपा उतार दोन्ही तुकड्यांना रंध्याने काढून ते एकमेकांवर चिकटवतात. आखणीसाठी खिळे ठोकून त्यांना लवचिक पट्टी टेकवायची आणि तिच्या कडेने रेघ मारायची. डोळ्याला कुठे खोच दिसली तर खिळा हलवायचा. कापलेल्या फळ्यांच्या कडांना दर चार बोटांवर भोक पाडून तांब्याच्या तारेने टाके घालतात. जळालेल्या पंपाच्या मोटरची वाइंडिंगची तार या कामाला उत्तम, आणि ती गावोगावी मिळते. टाके आवळत गेले की सपाट फळ्यांना आपोआप होडीचा आकार येतो. करवतीची खरी कामगिरी इथे संपते. पुढचे सगळे चिकटकाम.

विदर्भात होडी बिघडते ती या टप्प्यावर. इपॉक्सी राळ आणि हार्डनर मिसळल्यावर उष्णता निघते, आणि हवा १० अंशांनी तापली की राळ घट्ट व्हायचा वेळ साधारण निम्म्यावर येतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की डब्यातल्या डब्यातच राळ धूर सोडून दगड होते. तेव्हा ती थोडीथोडी कालवावी आणि पसरट ताटात ओतावी. पावसाळ्यात दमट हवेमुळे राळेवर मेणचट थर धरतो. तो साध्या पाण्याने धुऊन मगच पुढचा हात द्यावा, नाहीतर रंग सुटतो. सकाळी ऊन चढताना लाकडातली हवा फुगून राळेत बुडबुडे येतात, म्हणून हात संध्याकाळी, लाकूड निवत असताना द्यायचा. एकूण पाहता धानाची मळणी उरकून सपरी (ओसरी) मोकळी झाल्यापासून होळीपर्यंतचा काळ बरा. कडाक्याच्या थंडीत राळ सुकायला उशीर लागतो, एवढेच.

आतल्या सांध्यांत राळेत बारीक भुसा कालवून गोलसर भर देतात, ती सुकली की तारा काढतात, वर काचतंतूची पट्टी बसवतात. बाहेरून पातळ काचकापड आणि राळ. सुकलेली राळ घासताना उडणारी भुकटी फुप्फुसांना वाईट. नाकाला रुमाल पुरत नाही, मास्क लागतोच, हातमोजेही. राळेला ऊन सोसत नाही, त्यामुळे रंग किंवा उन्हाला टिकणारे वार्निश लावल्याशिवाय होडी बाहेर काढू नये. शक्यतो पांढरा रंग द्यावा.

पुढच्या आणि मागच्या टोकात आडवी फळी बसवून हवाबंद कप्पे करणे ऐच्छिक नाही. उलटलेली कयाक त्यांच्याच बळावर तरंगते. पाण्याला लावण्यापूर्वी कप्प्याच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून आत हलकी फुंकर मारली की गळती बुडबुड्यांनी कळते. गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत, तलावांच्या काठाला बेशरमाची झुडपे माजलेली असतात आणि शिंगाड्याचे वेल वल्ह्यात अडकतात. जीवरक्षक जाकीट घालून, गावच्या मच्छीमार संस्थेला विचारून आणि जाळी कुठे लावली आहेत ते समजून घेऊनच पाण्यात उतरावे. नवेगावबांधचा तलाव राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रात येतो, तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय स्वतःची होडी नेता येत नाही.