गिझर दिवसभर चालू ठेवल्याने वीज वाचते का?

नागपुरात थंडी पडली की एक सल्ला हमखास ऐकू येतो: गिझर सारखा बंद-चालू करू नये, कारण गार झालेले पाणी पुन्हा तापवण्यापेक्षा ते गरम ठेवायला कमी वीज लागते. हा समज चुकीचा आहे.

१५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यासाठी सुमारे ०.७ युनिट वीज लागते. खरा फरक पडतो तो टाकीतून निसटणाऱ्या उष्णतेमुळे. टाकीभोवती उष्णतारोधक थर असला तरी आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात जितके अंतर अधिक, तितकी उष्णता वेगाने बाहेर जाते. बंद गिझरमधले पाणी निवत जाते तशी ही गळती मंदावते. चालू गिझरमध्ये मात्र थर्मोस्टॅट पाणी पुन्हा पुन्हा तापवून ते अंतर टिकवून धरतो आणि गळती दिवसभर तशीच चालू राहते. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा रात्री १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा, म्हणजे हा सल्ला सर्वाधिक पाळला जातो नेमक्या त्याच दिवसांत, नुकसानही सर्वांत मोठे असते.

घरातली माणसे लागोपाठ अंघोळ करणार असतील, तर मधल्या दहा मिनिटांसाठी बटण बंद करून फारसे काही साधत नाही, एवढे मात्र खरे. एरवी २००० वॉटच्या गिझरला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात, आणि तेवढाच वेळ आधी तो चालू करावा. मे महिन्यात तर गच्चीवरच्या टाकीतले पाणीच इतके तापलेले असते की गिझरला हात लावण्याचीही गरज नाही.