रविवारची रेस आणि घोड्याची पानथरी

पावसाळ्यात पुण्याच्या रेस सुरू झाल्या की आमच्या शेजारच्या भाईंचा रविवार ठरलेला असतो. डिचोलीच्या घराच्या बल्कांवावर खुर्ची टाकायची, मोबाईलवर रेसकार्ड, म्हणजे त्या दिवशीच्या रेस आणि घोड्यांची यादी, उघडायचं, चष्मा कपाळावर आणि पेन्सिल कानामागे. भाईंची सगळी नोकरी मुंबईत गोदीत झाली, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर उभं राहून त्यांनी कितीतरी डर्बी बघितल्यात. गोव्यात रेसकोर्स नाही, इथे घोडा म्हटलं की डोळ्यांसमोर शिगम्यातली घोडेमोडणी येते, कमरेला लाकडी घोडा बांधून ढोल-ताशावर नाचणारी माणसं.

तर परवा भाईंना कुणीतरी व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला, पाचव्या रेसमध्ये चार नंबर, शंभर टक्के लागणार, आतली बातमी. भाईंनी मला हाक मारली, "बाय, तू बायोलॉजी शिकवतेस ना, मग सांग बघू, लागेल का हा?"

मी विचारलं, रेस किती मीटरची आहे?

त्यांना वाटलं होतं मी जॉकी कोण, ट्रेनर कोण, मागच्या वेळी कितवा आला होता असं काहीतरी विचारेन. पण माझ्या मते रेसकार्डावरचा सगळ्यात बोलका आकडा अंतराचाच, आणि तो का, हे सांगायला घोड्याच्या पोटात शिरावं लागतं. लोक घोड्याचे पाय बघतात, मला विचाराल तर खरी रेस पानथरीत सुरू होते.

पानथरी म्हणजे प्लीहा. आपल्या जुन्या लोकांना हा शब्द पक्का माहीत आहे कारण मलेरियात पानथरी वाढते, डॉक्टर डाव्या बरगडीखाली बोटं खुपसून बघायचे. माणसाची पानथरी मुठीएवढी, साधारण दीडशे ग्रॅमची, तिचं काम म्हणजे म्हाताऱ्या झालेल्या लाल पेशी गाळून काढणं आणि जंतूंशी लढणं. घोड्याच्या पानथरीला मात्र आणखी एक काम आहे, ती लाल पेशींची टाकी आहे. घोडा शांत उभा असतो, गवत खात असतो, तेव्हा त्याच्या लाल पेशींचा मोठा हिस्सा, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत, या टाकीत बाजूला पडलेला असतो. का? कारण पेशी जितक्या जास्त तितकं रक्त दाट, आणि दाट रक्त दिवसभर ढकलत बसणं हृदयाला परवडत नाही. उभं राहायला एवढ्या ऑक्सिजनची गरजच नसते.

आता घोडा रेस सुटते त्या गेटमध्ये गेला. अॅड्रेनालिन सुटलं. पानथरीच्या भोवती स्नायूंचं आवरण असतं ते आवळतं आणि स्पंज पिळावा तसा सगळा साठा रक्तात ओतला जातो, अगदी थोड्या वेळात. आराम करणाऱ्या घोड्याच्या रक्तात लाल पेशींचं प्रमाण ३५ ते ४० टक्के असतं, जोरात धावताना ते ६० ते ६५ टक्क्यांवर जातं. हा आकडा किती भयंकर आहे ते कळायला एक तुलना सांगते. सायकल रेसिंगमध्ये ईपीओचं, म्हणजे लाल पेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाचं, इंजेक्शन घेऊन रक्त दाट करण्याचा धंदा सुरू झाला तेव्हा १९९७ मध्ये जागतिक सायकलिंग संघटनेने नियम केला की पुरुष खेळाडूच्या रक्तात पेशी ५० टक्क्यांच्या वर सापडल्या तर त्याला रेसमधून बाहेर काढायचं. घोडा ती रेषा कुठल्याही इंजेक्शनशिवाय, गेट उघडायच्या आसपासच ओलांडून गेलेला असतो!

थोडा हिशेब करूया, मला हा हिशेब फार आवडतो. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन धरतं. पेशी ४० टक्के असताना १०० मिली रक्तात साधारण साडेतेरा ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे १८ मिली ऑक्सिजन. पेशी ६३-६४ टक्के झाल्या की हिमोग्लोबिन २१-२२ ग्रॅम, ऑक्सिजन २९ मिलीच्या जवळ. आता हृदय. आरामात घोड्याच्या हृदयाचे मिनिटाला ३०-४० ठोके पडतात, रेसमध्ये २२० ते २४०, आणि दर ठोक्याला एक लिटरच्या वर रक्त, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ३०० लिटर. १०० मिलीत १८ म्हणजे लिटरमागे १८०, तीनशेला १८० मिलीने गुणा, ५४ लिटर ऑक्सिजन. तीनशेला २९० ने गुणा, ८७ लिटर. तेच हृदय, तेवढेच ठोके, फक्त पानथरी पिळली म्हणून मिनिटाला ३३ लिटर ऑक्सिजन जास्त. चांगला थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा घोडा, किलोमागे मिनिटाला दीडशे मिलीच्या आसपास ऑक्सिजन वापरतो, माणसातला उत्तम धावपटू ८०-८५, आणि पाचशे किलोच्या घोड्याला दीडशेने गुणलं की ७५ लिटर होतात, म्हणजे ५४ लिटर पोहोचवणारं रक्त त्याला पुरलंच नसतं. पानथरी काढलेल्या घोड्यांवर प्रयोग झालेत आणि त्यांची ही क्षमता खरोखर खाली आली.

पण याची किंमत मोजावी लागते. एवढं दाट रक्त एवढ्या वेगाने फुफ्फुसातून जातं तेव्हा तिथला दाब माणसाच्या कितीतरी पट होतो, केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि श्वासनळीत रक्त येतं. रेसनंतर दुर्बीण घालून बघितलं तर बहुतेक रेसच्या घोड्यांमध्ये कधी ना कधी ते दिसतंच, नाकातून बाहेर मात्र थोड्यांच्याच येतं. एखाद्या घोड्याच्या मागच्या रेसपुढे रक्त आल्याची नोंद असेल तर ती ओळ दोनदा वाचा. भाई अशा घोड्याला "ब्लीडर" म्हणतात आणि त्याच्यावर काट मारतात, ते बरोबरच आहे.

श्वासाचीही गंमत आहे. घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, फक्त नाकाने. आणि चौखूर उधळला की एका ढांगेला एक श्वास, असं कुलूपच लागतं, पुढचे पाय जमिनीवर आले की हवा बाहेर, अंग लांबलं की आत. मिनिटाला १२०-१३० वेळा. म्हणजे दमलोय म्हणून जोरजोरात धापा टाकू अशी सोयच नाही, ढांग आखूड झाली की श्वासाचं गणितही बदललं. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये घोडा "मेला" असं रेसवाले म्हणतात तेव्हा ढांग आणि श्वास दोन्ही एकदमच कोसळत असतात.

आता अंतराकडे या. हजार मीटरची रेस साधारण एका मिनिटात संपते. एवढ्या वेळात स्नायूंमध्ये आधीच साठवलेलं इंधन ऑक्सिजनशिवाय जाळूनही बरंच काम निघतं, तिथे गेटमधून सुटण्याची चपळाई आणि स्नायूंचा आकार महत्त्वाचा. इंडियन डर्बी २४०० मीटरची, अडीच मिनिटं, तिथे ऑक्सिजनचाच राजा. पुण्यात होणारी सेंट लेजर तर २८०० ची. आयर्लंडमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की मायोस्टॅटिन नावाच्या एका जीनमधल्या एका अक्षराच्या फरकाने घोडा छोट्या अंतराचा की लांबच्या याचा बराच अंदाज येतो. प्रत्येक घोड्याकडे या जीनच्या दोन प्रती. दोन्हीत सी असेल तर छोट्या अंतराचा, दोन्हीत टी असेल तर दमाचा, एकेक असेल तर मधला. ही चाचणी रेसकार्डावर नसते, पण बापाचं नाव असतं आणि बापाची पोरं किती मीटरला जिंकतात हे बघता येतं. म्हणून १२०० ला दोनदा जिंकलेला घोडा पहिल्यांदाच २००० ला उतरला आणि केवळ फॉर्म बघून लोक त्याला फेव्हरिट करत असतील तर मी तरी सावध होईन.

बाकीचे आकडे पटापट. वजन: पाचशे किलोच्या घोड्यावर एक किलो जास्त म्हणजे ०.२ टक्के, अगदी तेवढ्याच प्रमाणात वेग कमी झाला असं धरलं तरी १६०० मीटरला तीन मीटर, एका लेंथच्या, म्हणजे एका घोड्याच्या लांबीच्या, थोडं वर. मान पुढे म्हणून जिंकणाऱ्या रेसमध्ये तेही पुष्कळ. ड्रॉ, म्हणजे गेटमधली घोड्याची जागा: वळणावर जो घोडा रेलिंगपासून एक मीटर बाहेरून धावतो तो अर्ध्या वर्तुळात ३.१४ मीटर जास्त धावतो, शाळेच्या गणितातला पाय (π), दुसरं काही नाही, आणि तीन मीटर बाहेर अडकला तर साडेनऊ मीटर, जवळजवळ चार लेंथ. जॉकी: पाठीवर उकिडवं बसायची पद्धत १९०० च्या आसपास रूढ झाली आणि त्या काळात रेसच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्या, कारण जॉकी स्वतःचं अंग स्थिर ठेवतो आणि घोडा खालून हलतो, दर ढांगेला साठ किलोचं ओझं वर-खाली उचलायला लागत नाही.

पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे, मानेवर पांढरा फेस दिसला की घोडा गेला, असंही ऐकते. फेस येतो तो घामातल्या लॅथरिन नावाच्या प्रोटीनमुळे, ते साबणासारखं काम करतं, घाम केसांतून पसरवतं आणि अंग थंड करायला मदत करतं. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळतच नाही हे गोव्यात कुणाला सांगायला नको, तशा दिवशी फेस जास्त दिसणारच. घोडा उभा राहत नसेल, लाथा झाडत असेल आणि वर फेस असेल तर मात्र तो रेसआधीच शक्ती घालवतोय.

चिडते मी ती दोन गोष्टींवर. एक म्हणजे रेसच्या सकाळी देवाला कौल लावून नंबर काढणं, आणि काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी घालून भाव बदलेल अशी आशा धरणं. ती नाल ज्या घोड्याच्या पायात होती त्याचासुद्धा नंबर तिच्यामुळे आला नसेल. दुसरी म्हणजे शंभर टक्केवाले मेसेज, आता तर एआयने काढलेली टिप म्हणून पैसे मागतात. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये घोड्यांची रेस कौशल्याचा खेळ ठरवला, भाई हे अभिमानाने सांगतात, आणि मलाही ते पटतं, वर लिहिलं ते सगळं कौशल्यच आहे. पण कौशल्य वेगळं, खात्री वेगळी. जगभरचा अनुभव असा की फेव्हरिट साधारण तीनातल्या एका रेसमध्ये जिंकतो. म्हणजे हजारो लोकांनी डोकं लावून, पैसे लावून निवडलेला घोडा तीनातून दोनदा हरतो. सलग पाच रेसच्या जॅकपॉटला पाचही फेव्हरिट धरले तर एक तृतीयांश पाच वेळा गुणा, २४३ मध्ये एक. आणि टोटवर, म्हणजे क्लबच्या सामाईक बेटिंगमध्ये, तर सगळ्यांचे पैसे एकत्र करून, त्यातून क्लबचा आणि सरकारचा वाटा काढून, उरलेलेच जिंकणाऱ्यांत वाटतात, १८६७ मध्ये पॅरिसच्या जोसेफ ओलेरने काढलेली ही पद्धत. घोडा बरोबर ओळखूनही माणूस वर्षाच्या शेवटी तोट्यात का असतो याचं उत्तर त्या वाट्यात आहे. मी स्वतः एक रुपया लावत नाही.

तर त्या पाचव्या रेसचं काय. रेस १८०० मीटरची होती. चार नंबर आधी कधी १४०० च्या पुढे धावलेला नव्हता, बाप छोट्या अंतराचा, ड्रॉ बाहेरचा. मी भाईंना म्हटलं, माझ्या मते याला दहात एक चान्स, सात नंबरला चारात एक, तो लांबच्या घराण्यातला आहे आणि मागच्या दोन्ही रेसमध्ये शेवटी वेग धरून आला होता. भाई म्हणाले चारात एक म्हणजे काय, लागेल की नाही ते सांग गो. मी परत चारात एक म्हटलं.

चार नंबर वळणापर्यंत पुढे होता, मग दीडशे मीटर राहिल्यावर ढांग तुटली. सात नंबर दुसरा आला, जिंकला तो आम्ही दोघांनीही न बघितलेला दोन नंबर. भाईंनी पेन्सिलीने काहीतरी खोडलं. स्क्रीनवर घोडे परत येत होते, नाकपुड्या फाकलेल्या, कुणीतरी पाणी मारत होतं. एक-दोन तासांत त्या पेशी पुन्हा पानथरीत जाऊन बसणार होत्या, तोवर रक्त दाटच. भाईंनी सहाव्या रेसचं पान उघडलं आणि मला विचारलं, "ही बाराशेची आहे, मग हिच्यात काय बघायचं?"