आरोग्याचे सामाजिक विपणन

साबण, चहा, तेल खपवण्यासाठी व्यापारी जी तंत्रे वापरतात तीच लोकांच्या आरोग्याच्या सवयी बदलण्यासाठी वापरणे, याला सामाजिक विपणन म्हणतात. यात फायदा विकणाऱ्याचा नसतो. सवय बदलणाऱ्याचा आणि त्याच्या वस्तीचा असतो. ही संज्ञा फिलिप कोटलर व जेराल्ड झाल्टमन यांनी १९७१ मध्ये मांडली. भारतात काम त्याआधीच सुरू झाले होते. १९६८ मध्ये सरकारने ‘निरोध’ हा कंडोम १५ पैशांना तीन या दराने बाजारात आणला आणि चहा-साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या वितरणातून तो साध्या दुकानांपर्यंत पोहोचवला. दवाखान्यात मागायला लाजणारा माणूस दुकानात रोज जातोच, हा हिशेब त्यामागे होता.

प्रचार आणि विपणन एक नव्हे. प्रचार माहिती देतो; विपणन माहिती असूनही माणूस कुठे अडतो ते शोधते. वस्तू, किंमत, ठिकाण आणि प्रसार या चार अंगांपैकी आपल्याकडे बहुतेक मोहिमा शेवटच्यावरच खर्च करतात. फलक लागतात, भोंगे वाजतात आणि अडचण जागच्या जागी राहते.

नागपुरातले कूलर हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे कूलरशिवाय घर चालत नाही. जूनमध्ये पाऊस आला की कूलर बंद होतो, पण खिडकीत तसाच राहतो. टाकीत उरलेले पाणी आणि त्यात पडणारा पाऊस म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची आयती सोय. हा डास साचलेल्या पाण्याच्या कडेला, टाकीच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करून सुकवण्याचा दिवस, सांगितला जातो.

इथेच बहुतेक घोषणा चुकतात. ‘कूलरचे पाणी बदला’ असे सांगितले की लोक प्रामाणिकपणे पाणी बदलतात आणि अंडी भिंतीलाच राहतात. सांगायचे ते असे: पाणी काढा, भिंती काथ्याने किंवा ब्रशने घासा, तळाचे उरलेले पाणी फडक्याने टिपा, टाकी उन्हात वाळू द्या. अनेक पत्र्याच्या कूलरांत बुचाचे भोक तळापासून थोडे वर असते. बूच काढूनही दोन बोटे पाणी राहते आणि अळ्यांना तेवढे पुरते. काढलेले पाणी नालीत न ओतता कोरड्या मातीवर किंवा झाडांना घालावे. तिथे अळ्या मरतात आणि उन्हाळ्यात पाणी फेकण्याचा सलही राहत नाही.

या कामाची किंमत पैशांत नाही. दुसऱ्या मजल्यावर खिडकीबाहेर टांगलेला जड कूलर कोणी आणि कसा उतरवायचा, ही ती किंमत आहे. कूलरच्या ताट्या (बाजूंना लावलेले गवताचे थर) बदलायला येणाऱ्या कारागिरालाच मोसम संपताना टाकी घासून, सुकवून, झाकून देण्याचे काम ठरवून दिले तर ती कमी होते. शंभर फलकांपेक्षा असा एक कारागीर अधिक घरे सुरक्षित करतो. मोहिमेची वेळही जूनच्या आधीची हवी; ऑगस्टमध्ये रुग्ण वाढल्यावर काढलेली जाहिरात उशिराची असते. यश फलकांच्या संख्येवर मोजू नये. तपासलेल्या दर १०० घरांमागे अळ्या सापडलेली भांडी किती, हा ब्रेटो निर्देशांक मोहिमेआधी आणि नंतर त्याच वस्तीत काढावा.

मजकूर छापण्याआधी त्याच वस्तीतल्या आठ-दहा जणांना दाखवावा. ‘समजलं का?’ असे विचारले तर सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी ‘आता घरी जाऊन काय कराल?’ असे विचारावे. नागपुरात ‘डास’ वाचतात पण बोलतात ‘मच्छर’. ‘उष्माघात’ छापतात पण म्हणतात ‘ऊन लागलं’. हिंदीची सरमिसळ असलेल्या वस्तीत शुद्ध मराठी पत्रक परके वाटते, आणि मोमीनपुऱ्यासारख्या वस्तीत उर्दू लागतेच.

खर्ऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा पानठेल्यावर ताजा करून पन्नीत बांधून दिला जातो. तंबाखूच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागेत सचित्र इशारा सक्तीचा आहे. मदतीसाठीचा १८००-११-२३५६ हा क्रमांकही पाकिटावरच असतो. पण खर्रा खाणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही, ते ठेल्यावरच फाडले जाते. त्यामुळे सगळी योजना त्याला वळसा घालून जाते. संदेश ठेल्यावरच हवा आणि तो लगेच करता येण्याजोगा हवा: तोंड उघडून तीन बोटे उभी जातात का पाहा. जात नसतील तर सुपारीने तोंडाच्या आतली कातडी आखडत चालल्याचा संशय घ्यावा आणि ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात दाखवावे. कुजलेल्या जबड्याच्या चित्रांनी माणूस नजर वळवतो. भीती दाखवायचीच तर तिच्या शेजारी पुढचे पाऊल दिसले पाहिजे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने निघणारी मारबत, म्हणजे वाईटाचा पुतळा, हे नागपूरचे स्वतःचे आरोग्यमाध्यमच आहे. ‘रोगराई, ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत’ ही हाक नेमकी डेंग्यूच्या दिवसांत गल्लीगल्लीत घुमते आणि तिच्यासोबतच्या बडग्यांतून (पुरुषाच्या पुतळ्यांतून) चालू प्रश्नांवर बोट ठेवले जाते. बडग्या लक्ष वेधतो, पण कृती शिकवत नाही; म्हणून त्याच आठवड्यात घरोघरी टाकी घासण्याचे प्रात्यक्षिक जोडले तरच उपयोग होतो.

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो आणि तिथे शब्द फार जपून वापरावे लागतात. वाहकाला, म्हणजे एकच दोष बाळगणाऱ्या पण स्वतः आजारी नसलेल्या माणसाला, रुग्ण म्हटले की मुलीचे लग्न अडते आणि पुढच्या घरातली माणसे तपासणीला येत नाहीत. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. याचा अर्थ ‘एक झालं, आता तीन सुखरूप’ असा घेतला जातो. तो गैरसमज काढायला दोन वाट्या घ्याव्यात, एक आईची, एक बापाची; प्रत्येकीत एक लाल (दोषाचा) आणि एक पांढरा (निर्दोष) मणी. डोळे मिटून दोन्हींतून एकेक मणी काढायचा. दोन्ही लाल आले तर मूल आजारी. प्रत्येक खेपेला मणी परत वाटीत टाकायचे आणि पुन्हा काढायचे. शिकवणारी सेविका घाईत मणी परत टाकायला विसरली, तर समोरचे जोडपे नेमका तोच गैरसमज पक्का करून घरी जाते.