मेथी सुकते म्हणून मंडई जगते

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक वाद रंगला. कुणीतरी पुण्याच्या महात्मा फुले मंडईचा रात्रीचा, दिव्यांनी उजळलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "आता भाजी दहा मिनिटांत दारात येते. एवढी देखणी इमारत भाजीच्या पाट्यांनी अडवून ठेवायची कशाला? आत संग्रहालय करा, चार चांगले कॅफे काढा, पेठांचं रूप पालटेल." पंचवीसेक अंगठे वर आले. मी एरवी ग्रुपवर फारसं बोलत नाही, पण त्या दिवशी राहवलं नाही. विचारलं, "मेथीची जुडी फ्रीजबाहेर किती तास टिकते?" उत्तर कुणीच दिलं नाही. एका काकांनी तेवढी मेथीच्या ठेपल्यांची कृती पाठवली.

माझा प्रश्न मात्र गमतीचा नव्हता. जुन्या बाजाराच्या आधारानं आजूबाजूचा थकलेला भाग पुन्हा उभा राहतो, हे जगात बऱ्याच शहरांनी पाहिलंय. तो कशामुळे उभा राहतो याचं उत्तर लोक दगडी कमानींत शोधतात. मला ते पालेभाजीच्या पानात सापडतं. पानाच्या खालच्या बाजूला, नेमकं सांगायचं तर.

शाळेत आपण पर्णरंध्रं शिकलो. पानाच्या पाठीवरची ही बारीक तोंडं कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि तो घेताना पाण्याची वाफ गमावतात. शेतात हे चालतं, कारण मुळं खालून पाणी पुरवत असतात. मेथी उपटली की पुरवठा तुटतो, खर्च चालू राहतो. रंध्रं बरीचशी मिटतात खरी, पण पानाची साल काही वॉटरप्रूफ नसते. आणि उपटलेली मेथी मेलेली नसते, हे लोक विसरतात. ती श्वास घेत असते, साठवलेली साखर जाळत असते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हे जाळणं साधारण दुप्पट-तिप्पट वेगानं होतं. पण साखर संपून मरण्याइतका वेळ मेथीला मिळतच नाही. तिला त्याआधी पाणी दगा देतं.

ताजं पान ताठ का उभं राहतं? त्यात हाडं नसतात, लाकूड नसतं. पाण्यानं टम्म फुगलेल्या पेशी एकमेकींना रेटून उभ्या असतात, एवढंच. या पेशींच्या आतला दाब कित्येकदा मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या दुप्पट भरतो. एखाद्या टक्क्यानं पाणी कमी झालं तर डोळ्याला कळत नाही. पालेभाजीनं वजनाच्या तीन ते पाच टक्के पाणी गमावलं की मात्र पान मान टाकतं आणि गिऱ्हाईक पुढच्या गाळ्याकडे वळतं. शंभर ग्रॅमच्या जुडीमागे जेमतेम चमचाभर पाणी. पालेभाजीचा सगळा धंदा त्या चमच्यावर उभा आहे.

हे पाणी किती वेगानं जातं, ते हवेच्या तहानेवर ठरतं. थोडं गणित करतो. कंटाळा आला तर एक परिच्छेद सोडून पुढे या.

पानाच्या आत हवा बाष्पानं गच्च भरलेली असते. बाहेरची हवा कोरडी. दोन्हींतल्या बाष्पदाबाचा, म्हणजे हवेतल्या वाफेच्या दाबाचा, फरक म्हणजे तहान. पुण्यातली एप्रिलची दुपार घ्या: ३८ अंश, आर्द्रता २० टक्के. ३८ अंशांना हवा पूर्ण भरली तर बाष्पदाब ६.६ किलोपास्कल होतो. बाहेर त्यातला पाचवा हिस्सा म्हणजे १.३ आहे. फरक ५.३. आता जुलै घ्या: २५ अंश, आर्द्रता ८५ टक्के. पूर्ण भरलेल्या हवेचा दाब ३.२, बाहेर २.७, फरक अवघा ०.५. पानाचं तापमान हवेइतकंच धरलं, तर तीच जुडी एप्रिलमध्ये जुलैच्या दहापट वेगानं सुकते. जुलैत दिवसभर टिकणारी जुडी एप्रिलात दोन-अडीच तासांची सोबती.

आता मंडईतल्या मावशी काय करतात पाहा. जुड्यांवर ओलं गोणपाट. शेजारी पाण्याचा तांब्या. बोटं बुडवून हाताला एक झटका, की थेंब सगळ्या ढिगावर सारखे पडतात. (मी घरी करून पाहिलं, निम्मं पाणी माझ्या शर्टावर.) हे नुसतं भाजी चमकवण्यासाठी असतं असा आपला समज असतो. थोडं तसंही असतं. पण मुख्य काम गोणपाट करतं. एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता बरोबर नेतं. तेवढ्यात ५८ ग्रॅम पाणी दहा अंशांनी थंड होतं. माठाचं तत्त्व तेच. वरच्या एप्रिलच्या हवेत ओलं कापड कागदावर २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. प्रत्यक्षात तीन-चार अंश वरच अडकतं, पण तेही पुष्कळ. खाली हवा गार आणि दमट. म्हणजे बाहेर एप्रिल आणि गोणपाटाखाली जुलै!

आणि खऱ्या जुलैत? मावशी गोणपाट काढून ठेवतात. हवा आधीच भरलेली, पाणी उडतच नाही, थंडावा येत नाही. पानं नुसती ओली राहून सडतात. बाष्पदाब हा शब्द त्यांनी ऐकलेला नसेल, पण गोणपाट कधी घालायचं आणि कधी काढायचं हे त्यांना बरोबर कळतं.

उरलेलं काम इमारत करते. जाड दगडी भिंती दुपारची उष्णता सावकाश आत सोडतात, उंच छपराखाली गरम हवा वर साचते आणि वर वाट मिळाली तर निघून जाते. धुराड्यात होतं तेच. वीस मीटर उंचीच्या धुराड्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा चार अंशांनी गरम असेल तर तीन पास्कलच्या आसपास ओढ तयार होते. आकडा हास्यास्पद वाटतो, पण तेवढ्यानं सेकंदाला मीटरभर वेगाची झुळूक सहज वाहते, विजेशिवाय. एका वास्तुतज्ज्ञानं मला छातीठोकपणे सांगितलं होतं, की मंडईचा मनोरा अष्टकोनी असल्यामुळे आठ दिशांची ऊर्जा मध्यभागी एकवटते आणि म्हणून भाजी ताजी राहते. मी म्हटलं, मग गोणपाट कशाला लागतं? ते म्हणाले, ती वेगळी ऊर्जा. ताज्या हवेला ऊर्जा म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही. फक्त तिच्यासाठी गाळ्यात पिरॅमिड टांगून त्याचे पैसे घेऊ नका.

तर मुद्दा असा, की हे सगळं करूनही मेथी उद्या विकता येत नाही. वाटेल तो तोटा सोसून ती आजच विकायला लागते आणि आपल्यालाही आज-उद्याचीच घ्यावी लागते. कांदे-बटाटे झोपलेले असतात, पंधरवड्याचे भरून ठेवले तरी चालतात. पालेभाजी आपल्याला परत यायला लावते. शहराच्या दृष्टीनं तिची खरी किंमत या परत येण्यात आहे.

एक हिशेब मांडू. मंडईच्या आसपास हजार घरं आहेत असं समजा. प्रत्येक घर आठवड्यातून एकदा बाजार करत असेल तर रोज साधारण १४३ माणसं येतील. दिवसाआड करत असेल तर ५००. साडेतीनपट. पण दोन ओळखीची माणसं एकाच दिवशी बाजारात असण्याची शक्यता साडेतीनपट वाढत नाही. पहिल्या प्रकारात ती सातातली एक गुणिले सातातली एक, म्हणजे ४९ मध्ये १. दुसऱ्यात चारात एक. बारापट! येण्याची वारंवारता वाढली की गाठीभेटी तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. "अहो, तुमच्या गल्लीत खोली आहे का हो भाड्यानं?" किंवा "वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का?" ही वाक्यं त्या बारापटीतून निघतात. मेथीसाठी आलेला माणूस जाता जाता बोहरी आळीत स्क्रू घेतो, तुळशीबागेत गाळणं घेतो, चहा पितो. त्याच्यामुळे रस्ता सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत जागा राहतो. संग्रहालयात माणूस वर्षातून एकदा जातो, तेही पाहुणे आले तर. कॅफेत रोज जाणारे मूठभर, आणि सकाळी सहाला तर कुणीच नाही. दहा मिनिटांत दारात येणाऱ्या भाजीलाही सुकण्याचे हेच नियम लागू आहेत, फक्त तिच्या सगळ्या फेऱ्या डिलिव्हरीवाला पोरगा दुचाकीवरून मारतो. त्याला वाटेत गाळणं घ्यायला वेळ नसतो.

संध्याकाळच्या भावाचंही हेच. सकाळी तीस रुपयांची जुडी रात्री साडेआठला दहाला मिळते. मावशींना दया आलेली नसते. उद्या जुडीची किंमत शून्य होणार हे त्यांनाही आणि गिऱ्हाइकालाही माहीत असतं. सकाळी निवडून घेणारा आणि रात्री उरलेलं उचलणारा खानावळवाला, दोघांचं एकाच पाटीवर भागतं. ज्या पेठेत कमी पगाराच्या माणसाला ताजं अन्न परवडतं, तिथे तो राहू शकतो. आणि शहराच्या मध्यभागी सगळ्या थरांतली माणसं राहणं याहून मोठं पुनरुज्जीवन मला माहीत नाही.

या इमारतीचा जन्म भांडणातला आहे. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायचा. नगरपालिकेनं नवी मंडई बांधायचं ठरवलं तेव्हा जोतीराव फुले पालिकेचे सदस्य होते आणि त्यांनी विरोध केला: एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला. इमारत झालीच, १८८६ मध्ये ती उघडली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून रे मार्केट म्हणवली गेली. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं तिला महात्मा फुल्यांचंच नाव मिळालं. विरोधकाचं नाव इमारतीला, असं पुण्यातच घडू शकतं. फुल्यांचा प्रश्न मात्र आजही विचारावा असा आहे: पैसा दगडावर घालताय, की माणसावर?

पॅरिसनं दगडही ठेवला नाही. तिथला ले आल हा मध्यवर्ती बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रंजीसला हलवला आणि १९७१ पासून लोखंड-काचेचे एकोणिसाव्या शतकातले मांडव पाडायला घेतले. कित्येक वर्षं तिथे एक प्रचंड खड्डा होता. मग जमिनीखाली मॉल आला. लंडनच्या कॉव्हेंट गार्डननं इमारत जपली. भाजीबाजार १९७४ मध्ये नदीपलीकडे गेला, १९८० मध्ये आत दुकानं आणि खाणावळी आल्या. तिथे पैसा उदंड आला, हे कबूल करायला हवं. पण शेजारच्या आजीला कोबी घ्यायला दुसरीकडे जावं लागतं. अमेरिकेत सिॲटलमध्ये पाइक प्लेस हा १९०७ चा बाजार पाडायची योजना होती. १९७१ मध्ये नागरिकांनी मतदान करून तो वाचवला. आज तिथे बाजाराच्या आवारात कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी घरं आहेत, दवाखाना आहे. बार्सिलोनानं सांता कातेरिना बाजारावर रंगीत फरशांचं लाटांसारखं छप्पर घातलं. २००५ मध्ये तो पुन्हा उघडला तेव्हा फोटो सगळ्यांनी छपराचे काढले. कचरा उचलण्याची जमिनीखालची यंत्रणा आणि शेजारची वृद्धांसाठीची घरं फोटोत येत नाहीत. त्याच शहरातल्या बोकेरिया बाजारात उलटा त्रास झाला. पर्यटक इतके वाढले, की मासे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला पाय ठेवायला जागा उरेना. शेवटी २०१५ मध्ये शुक्रवार-शनिवारच्या खरेदीच्या वेळेत पंधराहून मोठ्या पर्यटक गटांना बंदी घातली गेली.

पुण्यात घाऊक बाजार केव्हाच गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला. ते योग्यच झालं. ट्रकनं पेठांत शिरायचं काही कारण नाही. किरकोळ बाजार जागेवर राहिला, हे आपलं नशीब. आणि सप्टेंबर २०२४ पासून मंडईचं भुयारी मेट्रो स्थानकही सुरू आहे. आता हजार घरांच्या हिशेबात वनाज आणि पिंपरीची घरंही धरता येतील, पण एका अटीवर: सकाळच्या टेम्पोला उतरवायला जागा, हाताशी पाणी, उताराची गटारं, हमालाला टेकायला ओटा आणि गाळ्यावर दहा-बारा तास बसणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह. रोषणाईला माझा विरोध नाही. ती मेथी विकून झाल्यावर लावा.

परवा मी मुद्दाम मेट्रोनं गेलो. घड्याळ लावून मेथीची जुडी घेतली, गोणपाटाखालून काढलेली, ताठ. जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून वनाजला उतरलो, घरी पोचेपर्यंत पंचावन्न मिनिटं. गाडीतल्या एसीची कोरडी हवा मी हिशेबात धरलीच नव्हती. वरची पानं लवलेली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर घातली: निघताना मावशींच्या काट्यावर २१० ग्रॅम भरली होती, आता २०४. जवळजवळ तीन टक्के. मुळं पाण्यात बुडवून अर्धा तास ठेवली, तेव्हा पुन्हा उभी राहिली. बायको म्हणाली, "प्रयोग झाला असेल तर निवडायला घे."