सर्दीची गोळी डोळ्यांपुढच्या मुंग्या वाढवते का?

पावसाळ्यात कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या किंवा महाद्वार रोडवरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये 'सर्दीची एक गोळी द्या' हे ऐकू येतंच. त्या गोळीत काय आहे, हे कुणी विचारत नाही. बहुतेकांचं त्यानं काही बिघडत नाही. मात्र ज्यांनी कधीकाळी एलएसडीसारखं भ्रम घडवणारं अमली द्रव्य घेतलं आणि ज्यांच्या नजरेतून त्याच्या खुणा गेल्याच नाहीत, त्यांनी हा प्रश्न विचारायलाच हवा.

एलएसडीचं रक्तातलं प्रमाण साधारण तीन तासांत निम्मं होतं. तरीही काहींना पुढे महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे, कोऱ्या भिंतीवर जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या दिसतात, हलत्या वस्तूमागे शेपूट दिसतं, दिव्यांभोवती वलयं दिसतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत हा विकार १९८७ साली आला. आज त्याला एचपीपीडी (हॅल्युसिनोजेन पर्सिस्टिंग पर्सेप्शन डिसऑर्डर) म्हणतात. दिसतंय ते खरं नाही, हे रुग्णाला पक्कं ठाऊक असतं. त्याला 'बाहेरचं' झालंय म्हणून देवऋष्याकडे नेणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

हे घडतं कसं, ते फार विलक्षण आहे. डोळ्याच्या पडद्यावरचा संदेश थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या टप्प्यामार्गे मेंदूच्या मागच्या भागात, दृष्टिकेंद्राकडे पोचतो. तिथल्या काही पेशी ग्लुटामेट हे रसायन सोडून शेजाऱ्यांना चेतवतात, तर काही गाबा हे रसायन सोडून त्यांना आवरतात. मिट्ट काळोखातही चेतापेशी अधूनमधून आपोआप संदेश सोडतच असतात. आवरणाऱ्या पेशी ही कुजबुज दाबतात, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. एलएसडी दृष्टिकेंद्रातल्या सेरोटोनिन या चेतारसायनाच्या ५-एचटी-२ए ग्राहींना, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या जागांना, चिकटतं. त्यानंतर काहींच्या आवरणाऱ्या पेशी दुबळ्या पडत असाव्यात, असं एक गृहीतक आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हेन्री अब्राहम यांना १९८३ मध्ये आढळलं, की अंधारात शिरणं हे त्रास चाळवणारं सर्वांत नेहमीचं निमित्त. गाबाचा प्रभाव वाढवणाऱ्या क्लोनाझेपाम या औषधानं काही रुग्णांना आराम पडतो. दोन्ही गोष्टी गृहीतकाशी जुळतात.

आता गोळीकडे वळू. 'सर्दीचं औषध' हे एक औषध नसतंच. बहुधा तीनचार औषधांची मोट असते. पॅरासिटामॉलवर संशय घ्यायला कारण नाही. फेनिलेफ्रिन पोटातून घेतल्यास नाक मोकळं करत नाही, असा निष्कर्ष अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं २०२३ मध्ये काढला. क्लोरफेनिरामिन हे अॅलर्जीवरचं औषध मेंदूत शिरतं, झोप आणतं आणि अ‍ॅसिटिलकोलीन या चेतारसायनाचं कामही थोडं अडवतं. धोत्र्यातलं अ‍ॅट्रोपिन हेच काम कितीतरी जोरानं करून भ्रम घडवतं, तेव्हा 'झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक' हा समज सोडाच.

खरी काळजी कोरड्या खोकल्याच्या औषधातल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनची. ते ग्लुटामेटचे एनएमडीए ग्राही अडवतं. आवरणाऱ्या पेशी कामाला लागतात त्या बऱ्याच अंशी याच ग्राहींमुळे. ते अडले की आधीच सैल झालेला लगाम आणखी सुटू शकतो. मोठ्या मात्रेत हे औषध स्वतःच भ्रम घडवतं. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं चालू असतील तर यकृत त्याचा निचरा हळू करतं, शिवाय सेरोटोनिन धोकादायकरीत्या वाढू शकतं.

एचपीपीडीच्या रुग्णांवर सर्दीच्या औषधांच्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत, त्यामुळे ही भीती औषध मेंदूत कसं काम करतं त्यावरून काढलेली आहे. ताप, जागरण आणि थकवाही मुंग्या वाढवतात, म्हणून सगळा दोष गोळीवर टाकता येत नाही. तरी असा पूर्वेतिहास असेल तर डॉक्टरांना तो न लाजता सांगावा, पट्टीमागची नावं वाचावीत आणि त्यांच्या सल्ल्यानं नुसतं पॅरासिटामॉल व नाकासाठी सलाईनचे थेंब यांवर भागवावं. आणि एकाच डोळ्यापुढे अचानक चमका किंवा काळा पडदा आला तर गोळीचा विचार न करता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला गाठावं. तो दृष्टिपडदा सुटल्याचा इशारा असू शकतो.